लाल गाडी आणि तीन संशयित

माझं नाव सोपान. लोणीपासून माळशेज घाटापर्यंत गुप्तहेर म्हणून मला सगळे ओळखतात, आणि सगळे ओळखत असल्यामुळे गुप्त राहणं हेच माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम होऊन बसलं आहे. माझी बुद्धी इतकी खोल आहे की कधी कधी मलाही तिचा पत्ता लागत नाही. गेल्या वर्षी लोणीत हरवलेली एक शेळी मी एका बैठकीत शोधून काढली. मी बसलो होतो त्याच खाटेखाली ती होती, हा तपशील लोक उगाच पुन्हा पुन्हा सांगतात.

माझा सहायक दानियाल. जुन्नरमध्ये त्याचं चष्म्याचं दुकान आहे. आमच्या भागीदारीत मोटारसायकल त्याची आणि डोकं माझं. दोन्हींपैकी भरवशाचं काय, यावर तो अधूनमधून मत देतो. मी त्याकडे लक्ष देत नाही.

प्रकरण राजुरीचं होतं. सावळारामअण्णा म्हणजे तिथले जुने द्राक्षबागायतदार. सत्तरी उलटल्यावर त्यांनी बाग मुलांच्या हवाली केली आणि पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी, उघडी, दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार विकत घेतली. सरूबाईंना लाल मोटारीतून मढला माहेरी न्यायचं, ही त्यांची लग्नापासूनची हौस. तेव्हा बैलगाडी होती आणि बैलही चुलत्याचे होते. आता गाडी आली, पण ती मनात येईल तिथे बंद पडायची आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखी चालू व्हायची. मिस्त्रीच्या दारात नेली की ती गुणी लेकरासारखी वागे. दोन मिस्त्रींनी हात टेकले, तेव्हा अण्णा माझ्याकडे आले.

त्यांना घाई होती. रविवारी मढला सरूबाईंच्या भाच्याचा साखरपुडा होता आणि बाईंनी बजावलं होतं, की या खेपेला वाटेत गाडी बंद पडली तर ती आळेफाट्याच्या दादाभाऊला देऊन टाकायची. दादाभाऊचं तिथे हॉटेल आहे. गिऱ्हाइकांना फोटो काढता यावेत म्हणून त्याला ती गाडी दारात उभी करायची होती. चाकं काढून, सीटवर झेंडूच्या कुंड्या ठेवून. कुंड्यांचं सांगताना अण्णांचा आवाज बसला. मी त्यांना पाणी दिलं आणि प्रकरण हाती घेतलं.

गाडी हवी कुणाला? दादाभाऊला. गुन्हेगार पाच मिनिटांत सापडला होता, फक्त पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी अण्णा आणि सरूबाई गाडीतून निघाले, मागे मोटारसायकलवर आम्ही. गाडी बंद पडली ती बरोबर आळेफाट्यावर, दादाभाऊच्या हॉटेलसमोर. मी तडक आत जाऊन त्याची झडती घेतली. त्याने मिसळ मागवली. मिसळ संपेपर्यंत मी त्याच्या डोळ्यांत रोखून बघत होतो. बाहेर अण्णा टाकीत पेट्रोल आहे का ते बघत होते. गाडीचा पेट्रोलचा काटा कायमचा झोपलेला, त्यामुळे मागचं झाकण उघडून आत काडी बुडवायची त्यांना सवयच लागली होती. मी बाहेर आलो आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. दादाभाऊ माझ्या नजरेला घाबरला, हे उघड होतं.

पुढच्या दिवशी आम्ही उलट्या दिशेला गेलो, आणि बेल्ह्याच्या पुढे गाडी पुन्हा बंद पडली. तिथे दादाभाऊ नव्हता, मिसळही नव्हती. मी विचारात पडलो आणि माझी नजर समोर टांगलेल्या लिंबू-मिरचीवर गेली. लिंबू मोठं होतं. ते हेलकावे खात इंजिनाचा वारा अडवत असणार. अण्णा नेहमीप्रमाणे काडी बुडवत होते, तोवर मी लिंबू सोडवून ताब्यात घेतलं. गाडी लगेच चालू झाली. दानियालने विचारलं, मिस्त्रीला फोन लावू का. मी त्याला लिंबू धरायला दिलं.

परत येताना राजुरीच्या शिवेवर गाडी लिंबाशिवाय बंद पडली.

रात्रभर विचार केल्यावर मला भयंकर सत्य दिसलं. अण्णा एकटेच मळ्यात किंवा दूध घालायला जात, तेव्हा गाडी कधीच बंद पडली नव्हती. सरूबाई बरोबर असल्या की पडायची. मढला, आळेफाट्याला, बेल्ह्याला, लांब कुठे जायचं म्हटलं की त्या असायच्याच. आणि गाडी जावी असं उघड बोलणारं घरात दुसरं कोण होतं? पण बाईमाणसावर आरोप करायचा तर धाडस लागतं, म्हणून मी रविवारची वाट बघायचं ठरवलं.

रविवारी गाडी ओतूरपर्यंत झकास गेली. ओतूर सोडताच तिने एक आचका दिला आणि ती थांबली. अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. त्यांचा पडलेला चेहरा बघून मलाही वाईट वाटलं, आणि त्याच भरात मी सरूबाईंसमोर उभा राहिलो.

"मावशी, माफ करा, पण ही गाडी तुमी बंद पाडताय."

"मी?" सरूबाई म्हणाल्या. "मी तर पदर धरून बसलीय, पावणं. कशानं पाडीन?"

कशाने, ते अजून तपासात होतं, असं मी सांगितलं. दानियाल दूर जाऊन एका उसाच्या शेताकडे बघू लागला.

तेवढ्यात अण्णा जडपणे उतरले आणि सवयीने टाकीचं झाकण उघडायला लागले. सरूबाईंनी मान वळवली. "थांबा जरा. झाकण फिरवलं की आत सूं करून वारं वढतंय. मगाधरनं न्हाई, रोज वढतंय. माझ्या पाठीशीच हाय, मला ऐकू येतंय."

त्यांनी खाली उतरून झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि वास घेतला. "ह्यात कपड्याचा साबण कुणी भरलाय?"

अण्णा हळूच म्हणाले, "झाकणाला बारीक भोक व्हतं. पेट्रोल उडून जाईल म्हणून घेतल्या दिवशीच बुजवलं."

"अवो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का? दुसरं वाऱ्याला ठेवावं लागतंय. वारं न्हाई म्हणून पेट्रोल खाली उतरंना. तुमी झाकण काढलं की वारं शिरतंय, गाडी चालती. लावलं की पुन्हा अडतंय."

बांगडीला लावलेली पिन काढून त्यांनी साबण टोकरला. अण्णांनी झाकण लावलं, चावी फिरवली, आणि गाडी अशी गुरगुरली की बाजूच्या म्हशीने मान वर केली.

म्हणजे गुन्हेगार स्वतः फिर्यादीच होता. माझ्या तिघा संशयितांत तो नव्हता, पण चौथा मी त्यालाच धरणार होतो.

अण्णांनी मात्र इंजिन बंद केलं. "शब्द दिला व्हता, सरू. वाटेत बंद पडली. उद्या दादाभाऊकडं पोचवतो."

सरूबाई पिन पुन्हा बांगडीला अडकवत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "द्यायची असती, तर मी भोक कशाला मोकळं केलं असतं?"

बाई गाडीत बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि समोर बघत म्हणाल्या, "चला आता. अन् मढात शिरल्यावर हळू घ्या. आमच्या आळीतल्या बायकांना नीट दिसू द्या."

अण्णांनी ओतूरपासूनच हळू घेतली. मागे मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये घेऊन दानियाल कंटाळला, पण मढ येईपर्यंत त्यांनी वेग काही वाढवला नाही.