इनास अंकलचं नाक

आमच्या शेजारच्या इनास अंकलनी येऊन थेट बेल वाजवली, असं एकदाही झालेलं नाही. आधी ते दाराच्या फटीला नाक लावतात, दोन-तीन लांब श्वास घेतात आणि मग बेल वाजवतात. दाराच्या भिंगातून पाहिलं तर नुसतं टक्कल दिसतं. पहिल्यांदा ते टक्कल पाहिलं तेव्हा मी नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, फोन लावायला निघालो होतो.

"सिलिंडर कधी आला?" आत येता येता त्यांनी विचारलं. नाव सांगणं वगैरे नंतर.

"काल."

"लावला कोणी?"

"डिलिव्हरीवाल्याने."

"तुम्ही उभे होता तिथे?"

मी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर होतो. तसं कबूल केल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलीला बाजारात विसरून आल्यासारखं मला वाटलं. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो," चपला काढत ते म्हणाले, "माझ्या नाकाचा नाही."

खिशातून शाम्पूची जुनी बाटली निघाली. तिच्यात साबणाचं पाणी. ते त्यांनी रेग्युलेटरला, पाइपाला, शेगडीच्या नळीला चोपडलं आणि मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून बसले. रेग्युलेटरच्या बुडाशी एक चिमुकला बुडबुडा फुगला. फुटला. दुसरा आला.

"खलास!" अंकल आनंदाने ओरडले. चोर रंगेहाथ सापडल्याचा तो आनंद होता. "बघा. माणूस खोटं बोलेल, बुडबुडा नाही बोलणार."

इनास लोपीस मूळचे वसईचे. अठ्ठावीस वर्षं दुबईतल्या एका हॉटेलच्या किचनमधल्या गॅसच्या लायनी सांभाळतात आणि राहतात इथे शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, जिथे अजून प्रत्येक ओट्याखाली सिलिंडर आहे. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेली, ती नातवात रमली. त्यामुळे अंकल एकटे, आणि आम्ही शेजारी त्यांच्या तावडीत.

आमच्या पाइपवर त्यांनी मार्करने तारीख घातली. "मुदत संपली की बदलायचा. पंचवीस दिरहमचा पाइप, म्हणजे सहाशे रुपये. एवढ्यासाठी जीव टांगणीला लावता?" ज्योत पिवळी दिसली की ते शेगडीवर खेकसायचे, "निळी खरी, पिवळी लबाड," आणि टाचणीने बर्नरचं एकेक भोक मोकळं करायचे. यात तथ्य होतं, नाही म्हणत नाही. सिलिंडर चार-पाच दिवस जास्त जायला लागला. पण कुकरची तिसरी शिट्टी होताना कोणी स्वयंपाकघरात शिरून "खिडकी बंद का?" विचारलं, तर गृहिणीला काय वाटेल? माझी आठ वर्षांची इरा तर त्यांना पाहिलं की आत ओरडायची, "मम्मा, गॅस पोलीस इज हिअर!"

अंकलना जगाचा संशय, आणि आम्हाला अंकलचा. तो वाढला तो स्वयंपाकघराच्या शाफ्टमुळे. त्यांची आणि आमची किचनची खिडकी एकाच शाफ्टमध्ये उघडते. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी कळणारी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. म्हणून रोज संध्याकाळी सहाला शाफ्टमधून जे ऐकू यायचं, त्याचा त्रास फक्त आम्हालाच होत होता.

"खिडकी उघडलीस? दाखव. हां. आता जा आंघोळीला. आणि गाणं म्हण. मोठ्याने!" मग बराच वेळ शांतता, आणि मध्येच, "थांबलीस का? म्हण, म्हण!"

वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, हातातली पोळी तव्यावर तशीच करपू दिली. "ऐकलंस? बायको कॅनडात, आणि हा माणूस रोज कोणाला तरी आंघोळीला बसवून गाणी म्हणायला लावतोय! या वयात! आणि असा माणूस आपल्या ओट्याखाली वाकून बसतो. मी आजच नातूरला सांगणार."

नातूरला सांगणं साधं नव्हतं. आमची फॅमिली बिल्डिंग. एकट्या पुरुषाला इथे आधीच कोणी ठेवत नाही. अंकल जुने म्हणून चाललं होतं. तक्रारीचा एक शब्द बिल्डिंगच्या ऑफिसात गेला असता, की यल्ला, चला, बिऱ्हाड उचला आणि पलीकडे अजमानला जा. मी वैशालीकडून एक दिवस मागून घेतला. खरं सांगायचं तर ते जावेत असं मलाही थोडंसं वाटत होतं. आपल्याच घरात चोरासारखं चहा करायचा किती दिवस?

दुसऱ्या दिवशी सहाच्या जरा आधी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून विचारलं, "कुठून गळतोय?"

"गॅसचं नाही, अंकल. ते... रोज संध्याकाळी ‘गाणं म्हण’... शाफ्टमधून ऐकू येतं."

क्षणभर ते गोंधळले. मग कानापर्यंत लाल झाले.

"अहो, आई आहे ती माझी! एक्याऐंशी वर्षांची!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वसईच्या घरी बाथरूममध्ये गॅसचा गिझर. कोणा प्लंबरने आतच ठोकून दिलेला. तो बाहेर हवा, खेळत्या हवेत. वर्षाला साफ व्हायला हवा. बादली भरली की आधी बंद, मग आंघोळ. आईला हे सगळं पाठ होतं आणि ती यातलं काहीही करत नव्हती. अंगावर गरम पाण्याची धार धरून बसायची आणि खुशाल सांगायची, केला हो बंद.

"आपल्या सिलिंडरच्या गॅसला वास असतो," अंकल म्हणाले. "पण बंद खोलीत गिझर जळताना जो विषारी वायू होतो ना, त्याला वासच नाही. माणूस बसल्या जागी गप्प होतो. माझं नाक तिथे काय कामाचं? म्हणून कान लावतो. गातेय तोवर ती आहे."

घरी येऊन मी हे सांगितलं. वैशाली वाटीभर शिरा झाकून त्यांच्याकडे देऊन आली, आणि येताना, मी पाहिलं, आमच्या बाथरूमची खिडकी उघडून आली. आमचा गिझर विजेचा आहे.

मग गेल्या महिन्यात अंकल सकाळीच दारात. आधी नाक, मग बेल. हॉटेलात तपासणी होती. गॅसच्या खोलीत फोन नेता येत नाही. "सहाला तुम्ही आईला कॉल लावाल? विसरणार नाही ना? माझा विश्वास आहे, पण..."

"नाकाचा नाही. लावतो."

सहाला मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुरकुतलेला, हसरा चेहरा आला. मी अंकलच्या आवाजात दटावलं, "आई, खिडकी दाखवा." त्यांनी निमूट बाथरूममध्ये फोन फिरवला. खिडकी उघडी होती. भिंतीवर गॅसचा गिझर नव्हताच. तिथे विजेचा पांढरा गिझर होता, लाल दिवा लागलेला.

"गॅसचा कुठे गेला?"

"तो तर दिवाळीच्या आधीच काढला," म्हातारी म्हणाली. "इनासनेच माणूस पाठवून काढायला लावला."

"मग गाणं कशाला?"

"आंघोळ तर माझी सकाळीच होते, बाबा. पण इनास घरी येतो, तर घरात कोण आहे त्याच्या? गाणं झाल्याशिवाय तो जेवत नाही. तू ऐकतोस ना? बस मग."

आणि स्वयंपाकघरात येऊन, स्टुलावर बसून, कोरड्या अंगाने, ती गायली. खाडीपलीकडे दिलेल्या मुलीचं गाणं होतं, होडीतून माहेरी निघालेल्या. कडवी संपता संपेनात. वैशाली कांद्याचं निमित्त नसताना डोळे पुसत होती आणि इरा गॅलरीतून आत येऊन गुपचूप माझ्याशेजारी बसली होती.

साडेसातला अंकलचा फोन आला. मागे भांड्यांचा खणखणाट होता.

"गायली?"

"गायली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मग संशयाने विचारलं, "शेवटी काय होतं, सांगा बरं."

"होडी काठाला लागते. आई पायरीवर उभी असते."

"हां," अंकल म्हणाले. "चला, मग जेवून घेतो."