पान एकेचाळीस

विसपुतेकाका नव्या मराठी माणसाला गाव विचारत नाहीत. खिशातून लाल पेन काढतात आणि म्हणतात, "ओळख नंतर. घरी जादूचं जुनं पुस्तक आहे का? पान एकेचाळीस काढा."

मी पुण्याहून सिल्वासाच्या प्लास्टिक कारखान्यात आलो, डोकमर्डीत त्यांच्यासमोरच फ्लॅट घेतला, तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. काका एकटेच राहतात. तरुणपणी धुळ्यात असताना त्यांनी इंग्रजीतली जादूची पुस्तकं मराठीत आणली. तेव्हा असलं काम फारसं कोणी करत नसे, याचा त्यांना केवढा अभिमान! स्वतः मात्र कधी साधा पत्ता पिसला नाही. "आपण भाषांतरवाले. जादू दुसरं डिपार्टमेंट."

तिथेच घोळ झाला. मूळ पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं, म्हणजे डावं-उजवं उलट, आणि काकांनी चित्र बघून हात लिहिला. नाणं उजव्या मुठीत लपवायचं आणि रिकामी डावी उघडून दाखवायची, तर पान एकेचाळीसवर छापलं गेलं 'उजवी उघडा'.

"पोरं वर्गात उभी राहिली असतील, भाऊ. सगळ्यांसमोर फजिती झाली असेल."

म्हणून ते लाल पेन. दुरुस्तीसाठी काका भंगारवाल्याची रद्दीसुद्धा उपसतात.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला माझ्या हाती माईक आला आणि जीभ सैल सुटली. मी ठोकून दिलं, "सहावीत मी हीच जादू केली होती! नाणं खणकन पडलं, गुरुजींसकट सगळा वर्ग हसला. गुन्हेगार इथे बसलाय!" लोक पोट धरून हसले. खरं तर ते पुस्तक मी जन्मात पाहिलेलं नाही.

काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात उभे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात जोडलेले. "भाऊ, माफ करा. रडले होते का तेव्हा?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थोडंसं." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. नाणं त्यांच्याच हातून तीनदा पडलं. शेवटी मी डावी मूठ उघडली. रिकामी.

"एकदम बराबर!" काकांनी डोळे पुसले. "चला, एक तरी सापडला."

लाल पेन त्यांनी मलाच देऊन टाकलं. त्यानंतर कोणालाही पान विचारलं नाही. रोज फाटकाशी भेटले की मला खूण करतात. मी डबा खाली ठेवतो, डावी मूठ उघडतो. ते टाळ्या वाजवतात, आणि मला मान वर करवत नाही.