नाण्यावरची नदी

एका जंगलात, म्हणजे रोम नावाच्या प्राचीन नगरीला अगदी खेटून असलेल्या जंगलात, एक सिंह राज्य करत होता. बाळांनो, तुम्ही जुनं रोम पाहिलेलं नाही. सिंहानेही पाहिलं नव्हतं. पण एका कावळ्याने तिथलं काशाचं नाणं चोचीत धरून आणलं आणि महाराजांची झोपच उडाली. एका बाजूला बादशहाचा मुखडा, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला हातात कणसं घेतलेली देवी.

"रोममध्ये धान्य फार पिकतंय वाटतं," महाराज म्हणाले.

"छे हो! दुष्काळ आहे," कावळा म्हणाला. "म्हणूनच तर नाण्यावर कणसं काढलीत."

महाराजांना एकदम राज्यकारभार समजला.

त्या उन्हाळ्यात जंगलातली नदी आटली. ठिपकी नावाची हरणी दरबारात आली.

"महाराज, माझ्या पाडसाला उभंसुद्धा राहवत नाही. रानडुकरांना सांगून चर खणा, डोंगरातलं पाणी इकडे वळवा."

"रानडुकरं मोकळी नाहीत," टाकसाळीचा प्रमुख साळिंदर म्हणाला. "ती नाणी ठोकताहेत. हे घ्या नवं."

नाण्यावर एका बाजूला महाराज होते, दुसऱ्या बाजूला दुथडी भरलेली नदी.

"अहो, पण नदी कोरडी पडलीय!"

"हळू बोला. नदी खोटी म्हटलं की मागच्या बाजूचे महाराजही खोटे ठरतात."

बाकीचे प्राणी नाणं चाटून बघत. गार लागे. तेवढ्यावर ते खूश होते. ठिपकीने मात्र पाडसाला पुढे घातलं आणि डोंगरापलीकडे निघून गेली. मला तिचं फार कौतुक वाटतं.

महाराजांना वाटलं नाही. प्रजा पळाली असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी आणखी एक नाणं काढलं. त्यावर नदीकाठी पाणी पिणारी ठिपकी होती, शेजारी गुबगुबीत पाडस. सगळे म्हणाले, किती सुखात आहे बघा!

पुढे पाऊस पडला. नदीला पाणी आलं. ठिपकी पाडसाला घेऊन परतली, तर वेशीवर रानडुकराने अडवलं.

"कोण तुम्ही?"

"अरे, मी ठिपकी. इथलीच."

डुकराने नाणं काढून तिच्या तोंडाशेजारी धरलं. बराच वेळ निरखलं.

"बाई, ठिपकी आत पाणी पितेय. ती कुठे गेलीच नव्हती."

"आणि हे माझं पाडस?"

"याच्या बरगड्या दिसताहेत. आमचं चांगलं गुबगुबीत आहे."

आणि त्याने मायलेकरांना हाकलून दिलं.

तात्पर्य: तहानेने जीव गेला तरी आपली जागा सोडू नये. आपण उठलो की तिथे आपलं चित्र बसतं, आणि सरकारला तेच परवडतं. चित्राला पाणी लागत नाही.