गप्प बसणारा रेडिओ

मेहुण्याने गाडीतला जुना रेडिओ उपसून काढला आणि त्याच्या जागी नवा डिजिटल बसवला, त्याला बरोब्बर आठ दिवस झाले होते. जुन्याला एक गोल बटण होतं. ते फिरवलं की खरखर व्हायची आणि त्या खरखरीत कुठेतरी एखादा माणूस बोलत असायचा. नव्याला बटणच नव्हतं. नुसती निळी काच, आणि तिच्यावरून स्टेशनचं नाव सरकत जायचं.

"भाऊजी, आता खरखर विसरा," मेहुणा म्हणाला होता. "डिजिटल म्हणजे कसा लख्ख आवाज!"

"आणि सिग्नल गेला तर?"

"मग काहीच नाही. आला तर स्वच्छ, नाही तर चिडीचूप."

"म्हणजे अगदी तुझ्या भाऊजींसारखा," बायको म्हणाली. "जुन्यातून निदान अर्धंमुर्धं तरी कळायचं."

भाऊजी म्हणजे शाळेतले गणिताचे सर आणि उपमुख्याध्यापक. चालणं ताठ, बोलणं मोजकं, म्हणून मुलांनी त्यांचं नाव काटकोन ठेवलं होतं. सरांना हे नाव माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं.

बायको मात्र मोकळीढाकळी. वीस वर्षं ती गाडी चालवायला शिकवत होती, निम्म्या गावाने तिच्याकडूनच गिअर टाकायला शिकून घेतलं होतं. म्हणून तर सोमवारी अकरा वाजता रेडिओवर तिची मुलाखत ठरली होती. घरात सगळ्यांना आनंद झाला, सरांना मात्र काळजी लागली.

"ते सांगणार नाहीस ना?" रविवारी जेवताना त्यांनी विचारलंच.

"कोणतं?"

"ते... चौकातलं."

लग्नानंतर सर बायकोकडेच गाडी शिकले होते आणि परीक्षेत पाचदा नापास झाले होते. पाचव्या खेपेला तर ते चौकातल्या गोल बागेभोवती वळले आणि बाहेर पडायला फटच मिळेना. नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या फेरीला परीक्षक हात जोडून "थांबवा" म्हणाले, खाली उतरले आणि डोकं धरून फुटपाथवर बसले. ज्या माणसाने उभा जन्म मुलांना वर्तुळाचा परीघ शिकवला, त्याला वर्तुळातून बाहेर पडता आलं नव्हतं. हे शाळेत कळलं असतं, तर काटकोनाचा पार लघुकोन झाला असता.

"बघू हो," बायको म्हणाली. "रेडिओवरच्या बाई काय विचारतात त्यावर आहे."

या 'बघू हो'नंतर सर ताटावरून उठलेच.

सोमवारी शाळेत बसून मुलाखत ऐकणं शक्यच नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कपाटावर एक जुनापुराणा रेडिओ होता. एरियलच्या जागी वायरचा तुकडा लावलेला, पण वाजायचा खणखणीत. अकरा वाजता सगळे त्याच्याभोवती जमणार होते. सरांनी दोन तासांची सुटी मागितली. सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं हे खरंच होतं. मुख्याध्यापिका बाईंनी मान वर न करता अर्जावर सही केली.

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. कवळी दुरुस्तीला दिलेली होती, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द अर्धा वाऱ्यावर जायचा. त्यांनी पर्समधून मुठीएवढा जुना ट्रान्झिस्टर काढला आणि त्याचा इअरफोन कानात घातला.

"अहो, गाडीत नवा रेडिओ आहे की," सर म्हणाले.

"अशू दे. मला माझाच बरा."

मुलाखत सुरू झाली. आवाज खरोखरच असा स्वच्छ, की बायको डॅशबोर्डमध्ये बसून बोलतेय असं वाटावं. फक्त एक चमत्कारिक गोष्ट होत होती. सासूबाई आधी हसायच्या आणि विनोद दोन-तीन सेकंदांनी मागून यायचा. डिजिटलवर आवाज थोडा उशिरा पोचतो, असं मेहुण्याने सांगितलं होतं. पण मागच्या सीटवर कुणी खुदकन हसलं, की आता आपल्याबद्दल काय ऐकावं लागणार या धास्तीने ते दोन सेकंद सरांना दोन तासांसारखे वाटायचे.

"ताई, आता खरं सांगा हं," रेडिओवरच्या बाई म्हणाल्या. "तुमचा सगळ्यात अवघड विद्यार्थी कोण?"

"नाव नाही सांगणार," बायको हसत म्हणाली. "पण शाळेतलं मोठं माणूस आहे. आख्खी शाळा घाबरते. आणि गाडीत बसलं की—"

गाडी पुलाखाली शिरली. निळी काच तशीच चमकत राहिली, पण आवाज कुणी कात्रीने कापावा तसा तुटला. ना खरखर, ना कुजबुज.

मागे सासूबाई खो खो हसायला लागल्या.

"काय म्हणाली?"

"थांबा हो, ऐकू द्या!"

पुलाबाहेर पडताच आवाज आला. "—आणि बाहेर पडायचा रस्ताच सापडेना!" की लगेच उंच इमारतींची रांग. पुन्हा गप्प. सरांनी सिग्नल शोधायला गाडी उजवीकडे घातली. "—परीक्षकांचा चेहरा पांढराफटक—" पुन्हा गप्प. डावीकडे घातली, तर नुसतं रेडिओवरच्या बाईंचं हसणं ऐकू आलं. तेवढं मात्र लख्ख.

रस्ता सापडेना, परीक्षक पांढराफटक! आता शंकेला जागाच नव्हती. तरी आशा सुटत नव्हती. दवाखान्याच्या इमारतीत वाहनतळ सहा मजली होता. उंचावर सिग्नल मिळेल म्हणून सर गरगर फिरणाऱ्या चढणीवरून थेट गच्चीपर्यंत गाडी घेऊन गेले. वर मोकळं आकाश होतं. आवाज आला, अगदी काचेसारखा.

"—तर मंडळी, या होत्या आजच्या आपल्या पाहुण्या. आता ऐकू या हवामानाचा अंदाज."

सरांनी रेडिओ बंद केला आणि मागे वळून पाहिलं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"सगळं सांगितलं तिने?"

सासूबाई बरंच काही बोलल्या. त्यातलं 'परीक्षा', 'नापाश' आणि 'पार धुऊन काढलं' एवढंच कळलं. मग त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दात नसतानाही अगदी स्पष्ट म्हणाल्या, "लाजू नका, जावईबापू. होतं असं."

सासूबाईंना डॉक्टरांकडे सोपवून सरांनी बायकोला फोन लावला. बंद. शेवटी ते शाळेकडे निघाले. फाटकावर शिपायाने नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला. जिन्यात दोन शिक्षिका बोलता बोलता थांबल्या. शिक्षकांच्या खोलीचं दार उघडलं, तर आत हसण्याचा गडगडाट चालला होता आणि सरांना पाहताच तो थांबला. कोपऱ्यात मुख्याध्यापिका बाईही बसल्या होत्या, हातातल्या वहीत डोकं खुपसून.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लोकांनी पाठीमागे हसण्यापेक्षा तोंडावर हसलेलं बरं, असा विचार करून सर ताठ उभे राहिले.

"तुम्ही सगळ्यांनी मुलाखत ऐकलीच आहे," ते म्हणाले. "उगाच अंदाज करत बसू नका. तो विद्यार्थी मीच."

चित्रकलेचे शिक्षक कसेबसे म्हणाले, "सर, तुम्ही? तीनदा नापास?"

चुकीचा आकडा सरांना कधीच सहन होत नसे. "पाचदा," ते म्हणाले.

"पण रेडिओवर तर तीनदाच म्हणाल्या."

"बायको आहे. सांभाळून घेतलं असेल."

"आणि सर, परीक्षकांना घेऊन गाडी धुण्याच्या यंत्रातच घातलीत? तीही काचा उघड्या ठेवून? तो साबणाचा फेस—"

"कसला फेस?" सर म्हणाले.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई ताडकन उठल्या. "पुरे! सरांनी एवढ्या मोठ्या मनाने कबूल केलं, आता चिरफाड नको. सर, तुम्ही जरा माझ्या खोलीत या."

खोलीत गेल्यावर बाईंनी दार लावलं, आतून कडीही घातली. एक ग्लास पाणी स्वतः प्यायल्या, एक सरांपुढे ठेवला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "तो फेस माझा."

"म्हणजे?"

"चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुटीत. तुमच्या मिसेसकडेच शिकत होते. परीक्षकांची गुणांची वही धुऊन निघाली हो! सकाळपासून जीव मुठीत धरून बसले होते. रेडिओ बंद करावा तर सगळ्यांना संशय येणार. आणि आपले संगीताचे शिक्षक माझ्याकडे बघून हसायला लागले, तेवढ्यात तुम्ही दारात उभे."

सरांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. "म्हणजे रेडिओवर माझ्याबद्दल..."

"एक अक्षर नाही."

सर मटकन खुर्चीत बसले. रागवावं असं त्यांना वाटलं, पण राग येईना. उलट दिवसभर घातलेले घट्ट बूट काढल्यावर पायांना वाटतं तसं काहीतरी आतून मोकळं मोकळं वाटत होतं. पाचदा म्हणाले आणि कुठलंही आकाश कोसळलं नव्हतं.

"तुम्ही खुलासा करणार असाल तर मला आधी सांगा," बाई चाचरत म्हणाल्या. "म्हणजे मी त्या दिवशी रजा टाकीन."

"खुलासा कसला?" सर म्हणाले. "माझे पाच खरेच आहेत. त्यात तुमचे तीन मिळवले काय, न मिळवले काय. नापास तो नापास."

बाई आधी गालात हसल्या, मग मोठ्याने. सरही हसले. एवढं हसू दाराबाहेर गेलं, की शिपाई काय झालं ते बघायला येऊन कडी वाजवून गेला.

मधल्या सुटीत बायकोचा फोन आला. आईला घेऊन ती घरी पोचली होती. आईच्या तोंडात कवळी बसली होती आणि मागून तिचा आवाज खणखणीत ऐकू येत होता.

"ऐकलंत ना नीट?" बायको म्हणाली. "तुमच्या मनासारखं केलं हो मी. तुमच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता सुटलात ना काळजीतून?"

"सुटलो," सर अगदी मनापासून म्हणाले.

"आता शाळेत कोणाला काही कळायचं कारणच नाही!"

"नाही," सर म्हणाले. "आता कळायचं राहिलंय कोणाला!"