जोडीची गोळी

आमचे शेजारी गोमाजीभाऊ कधी एकटी शिंक देत नसत. एक आली की दुसरी ते नाकात गवताची काडी घालून आणत. "एक शिंक अपशकुन, जोडीची शुभ," असं डोळे पुसत समजावून सांगत.

मोहाची झाडं फुलली की त्यांना शिंका सुटायच्या. दोनाच्या तीन झाल्या की चौथीसाठी पुन्हा काडी. तोवर बाजाराला निघालेली माणसं अंगणात खोळंबलेली. पुढं पुढं तर कुणी शुभकामाला निघालं की ते आपणहून घरात जाऊन तोंडावर घोंगडं घेत. गावही म्हणायचं, समजदार माणूस!

घोडं अडलं ते यमूच्या लग्नात. यमू त्यांची एकुलती एक लेक. आई गेल्यावर यांनीच वाढवलेली. "भाऊ, पोट्टीच्या पाठवणीले मी घोंगड्यात बसू का?" ते मला म्हणाले. मी उठून बैलबंडीच जुंपली.

त्यांना घेऊन चिमूरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि बजावलं, "शिंका, डोळ्यांची खाज, अंगावरच्या गांधी, एवढ्यालाच ही गोळी. एका वेळी एकच. पुन्हा लागलीच तर सांजेला. दोन घेतल्या तर काम दुप्पट होत नाही, झोप दुप्पट येते. गोळी घेऊन बंडी हाकायची नाही, आणि मोहाच्या दारूचा एक थेंबही नाही."

गोमाजीभाऊंनी हे पाठ केलं. तापाला गोळी मागणाऱ्या पाटलालाही परत धाडलं. "औषध हाये पाटील, परसाद नाई!"

पाठवणीच्या सकाळी खरंच एक शिंक नाही. बैल जुंपले, यमू रडत बापाकडं आली, आणि हा बाबा कडुनिंबाला टेकून ढाराढूर! हलवून हलवून माझे हात दुखले. व्याही मुहूर्तासाठी अडून बसले. बंडी गेली.

दिवस कलल्यावर ते उठले.

"दोन घेतल्या?" मी ओरडलोच.

"मंग? शुभदिवशी एकटी गोळी कशी घ्यावी जी?"

आता बोला! पण ते रिकाम्या वाटेकडं बघत होते, आणि माझा राग पार विरघळला.

"रडली का थे?"

"लय रडली."

"माह्या गळ्यात पडून?"

"खांद्यावर डोकं ठेवून."

"मले काऊन समजलं नाई भाऊ?" म्हणत त्यांनी सदऱ्याचा खांदा चाचपला. तो केव्हाच वाळला होता.