रुमालवाल्याची जागा

माणसाच्या मनातलं ओळखावं तर पिंपळगाव रेणुकाईच्या भुजंगरावांनीच! निदान भुजंगरावांचं स्वतःचं मत तरी तसंच होतं. कुणी नुसतं खाकरलं तरी ते कुणाला उद्देशून खाकरलं हे त्यांना कळायचं. शेजारचा रखमाजी आपला बैल गोठ्याच्या उजव्या अंगाला बांधायचा तो एकदम डाव्या अंगाला बांधू लागला, तेव्हा त्यात रखमाजीचा काय डाव आहे हे भुजंगरावांनी अर्ध्या गावाला समजावून सांगितलं होतं. उजव्या अंगाला छप्पर गळत होतं, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाला स्वतःच्या व्याह्याचं मन कळू नये, हे कसं व्हावं?

जालन्याचे व्याही रामकिसनराव रुसले होते. पुरावे भक्कम होते. मोंढ्याच्या बाजारात गाठ पडली तेव्हा त्यांनी राम राम केला, पण मान हलवली नाही. गोंधळाच्या जेवणात वरण दुसऱ्यांदा घेतलं नाही. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे लेक नंदा. दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही. सासरा रुसल्याशिवाय पोरगी माहेरी यायची थांबते का?

"नागपंचमीला नंदा या घरात दिसली न्हाई, तर भुजंग नाव सांगणार न्हाई!" त्यांनी बायकोला बजावलं.

"पण ते रुसले कामून, हे तर इचारा," गोजरबाई म्हणाली.

"इचारायचं कशाला? मला कळत न्हाई का? हात जोडायचे, झालं गेलं विसरा म्हणायचं, अन् पोरीला घेऊन यायचं. बिलकुल सोपं काम!"

"अन् झालं गेलं म्हंजे काय, असं त्यांनीच इचारलं तर?"

भुजंगरावांनी टोपी झटकली आणि निघाले. गोजरबाई दारातून ओरडली, "पोरीला पाहून वरीस व्हत आलं हो! रिकाम्या हातानं येऊ नका!"

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागलेली होती. संकष्टी चतुर्थीचा दिवस, त्यात पावसाची भुरभुर. राजूरच्या गणपतीला अन् जालन्याच्या बाजाराला निघालेली सगळी दुनिया त्याच गाडीत कोंबली होती. भुजंगराव कोपरं चालवत आत शिरले आणि बघतात तर काय, पुढून दुसऱ्या बाकावर एक जागा चक्क मोकळी! ते बुड टेकवणार, तोच त्यांना सीटवरचा रुमाल दिसला. लाल चौकटीचा, जाड, अर्धवट घडीचा.

कुणी जागा धरली होती. पण कुणी? भुजंगरावांनी वाकून वास घेतला. तेलाचा वास! एका टोकाला माती! त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगाला तेल, पायाला माती, रुमाल असा रुंद की त्यात कलिंगड बांधावं. पहिलवान! ते झटक्यात सरळ झाले.

मागून पांढऱ्या दाढीचे गयासोद्दीन चाचा आले. बांगड्यांची पेटी सांभाळत ते बसू लागले, तर भुजंगरावांनी त्यांचा दंडच धरला.

"चाचा, जीव जड झाला का? पहिलवानाची जागा हाय ती!"

"कोन पहिलवान?"

"रुमाल न्हाई दिसत? चहा प्यायला उतरला असंल. येऊन बघंल तर तुम्हाला पेटीसकट खिडकीतून फेकंल."

चाचा उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. पहिलवान काही आला नाही.

"अब तो बैठू? गाडी निकली, अब कायका रुमाल?"

आता खरं तर भुजंगरावांनी स्वतःच बसायला हरकत नव्हती. पण ज्यानं एकदा मत दिलं त्यानं ते मागं घ्यायचं म्हणजे बाजारात धोतर सोडण्यासारखं! त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "तो राजूरला चढणार हाय. रुमाल पुढं धाडला अन् स्वतः फटफटीवर गेला. ही त्या लोकांची रीतच असती."

"मी पाह्यलं त्याला!" मागच्या बाकावरून झुंबरबाई नावाची एक म्हातारी मधेच बोलली. "मोठ्ठ्या मिशा ना? काळी फटफटी?"

"तोच!" भुजंगराव म्हणाले. आपला अंदाज इतका बराबर निघेल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

पुढच्या थांब्यापर्यंत पहिलवानाला कडं आलं, गदा आली, कुणाच्या तरी मामाचे मोडलेले हात आले. पोरं कडेवर घेतलेल्या बाया घामाघूम होऊन उभ्या होत्या, पण त्या जागेकडं कुणी वाकड्या नजरेनं बघेना. रुमाल एकटा ऐसपैस प्रवास करत होता!

त्यात गाडी बैलगाडीसारखी चाललेली. जाळीपलीकडून ड्रायव्हर मागं बघून काहीबाही ओरडत होता. इंजिनाच्या खडखडाटात एक अक्षर कळेना.

"मुद्दाम हळू चालवून राह्यला," भुजंगरावांनी निदान केलं. "आपल्यावर खार खाऊन हाय. तोंडावरूनच दिसतंय."

राजूरला दार उघडलं, थोडे उतरले आणि दर्शन करून परतणारा दुप्पट लोंढा आत आला. भुजंगराव पाठमोरे होऊन खिडकीतून मिशा शोधत होते. एवढ्यात मागं बांगड्या किणकिणल्या, पदर सळसळला. कुणीतरी बसत होतं!

"ए बाई!" ते न वळताच गरजले. "डोळे फुटले का? रुमाल न्हाई दिसत? ऊठ आधी!"

बाई उठली. भुजंगराव वळले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिजलेला पदर डोक्यावर, हातात प्रसादाचा नारळ, समोर त्यांची विहीण द्वारकाबाई! आणि तिच्या मागं, टोपीतून पाणी निथळणारे खुद्द रामकिसनराव!

"वि... विहीणबाई! तुम्ही? बसा, बसा की!"

"नको बाई," द्वारकाबाई म्हणाली. "रुमालवाल्याची जागा हाय म्हंता ना."

"अवो, तो रुमाल काय..." भुजंगरावांनी उचलायला हात घातला, तर सगळी गाडी त्यांच्यावर ओरडली.

"हात लावू नका! पहिलवान इथंच चढणार हाय, तुम्हीच म्हन्लात!" झुंबरबाईनं तर मागून त्यांचा सदराच धरला.

"मैं इतना खडा रहा," चाचा म्हणाले. "अब समधन आई तो पहिलवान मर गया क्या?"

रामकिसनरावांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा. "कळलं, पाव्हणं. आमच्या मंडळीला उभं ठिवलं अन् फडक्याला बसवलं! आता समदं कळलं."

"तसं न्हाई हो! ऐका तर..."

"ऐकायचं काय राह्यलं? मनातलं बाहेर पडलं."

झालं! नंदाचं माहेरपण डोळ्यांदेखत चाकाखाली आलं. गोजरबाई दारात उभी असेल, तिला काय सांगायचं? पण भुजंगराव हटणारे नव्हते. पहिलवान सापडला की आपण खरे ठरू, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. जालन्यापर्यंत ते प्रत्येक थांब्यावर खिडकीतून निम्मे बाहेर लोंबकळले. येणाऱ्या प्रत्येक मिशीला त्यांनी विचारलं, "रुमाल तुमचा का?" एका हवालदारालाही विचारलं. तो त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत राहिला, ती नजर सोडून द्या.

जालना आलं. गाडी रिकामी झाली. भुजंगरावांनी दार अडवलं.

"व्याही, पाया पडतो, थोडं थांबा. जागेचा मालक समोर आणल्याशिवाय सोडणार न्हाई!"

तेवढ्यात मालकच आला. मिशा नव्हत्या, कडं नव्हतं. खाकी कपड्यातला काटकुळा ड्रायव्हर तरातरा आत चढला आणि त्यानं सीटवरून ते लाल चौकटीचं फडकं झटकन उचललं.

"हात्तिच्या! इथं पडलं होय? भोकरदनला काच पुसली अन् खिडकीतून आत टाकलं, मंग ध्यानातच न्हाई. पावसात काही दिसंना, नुसत्या तळहातानं पुसत आणली गाडी. कवाचा ओरडून राह्यलो, माझं फडकं द्या म्हणून! एक माणूस हलंल तर शप्पथ!"

फडक्यात नाक शिंकरून तो निघून गेला.

 मग द्वारकाबाई त्या जागेवर सावकाश बसली. "आता तरी बसू ना, पाव्हणं?" म्हणाली आणि हसायला लागली. नारळ मांडीवर उडेपर्यंत हसली. रामकिसनरावांची मिशीही हलली.

ही संधी भुजंगराव सोडतात थोडीच! त्यांनी हात जोडले. "व्याही, झालं गेलं विसरा."

"आत्ताचं विसरलो."

"आत्ताचं न्हाई. तुम्ही वर्षभर रुसलात ते."

"मी?" रामकिसनराव ताडकन म्हणाले. "रुसलात तुम्ही! दिवाळीला पोरीला न्यायला माहेरचा माणूस आला का? मी म्हन्लं, व्याह्याच्या पोटात काहीतरी हाय."

"तुम्ही रुसलात म्हणून मी आलो न्हाई!"

"अन् तुम्ही आला न्हाईत म्हणून मी रुसलो असंन!"

"मोंढ्यात मान हलवली न्हाई तुम्ही!"

"मान धरली व्हती माझी! आठ दिवस शेक घेत व्हतो."

"अन् वरण?"

"खारट व्हतं."

भुजंगरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, "चला घरी. पोरगी तुमचीच हाय. आत्ता न्या."

काम फत्ते! भुजंगराव व्याह्याच्या घरात शिरले ते लढाई जिंकल्यासारखे. नंदा शिलाई मशीनपुढं बसून कापड बेतत होती. बापाला बघून तिचे डोळे भरले. पाणी दिलं, आईची खुशाली विचारली.

"चल, भर पिशवी! पंचमीला न्यायला आलो. सासऱ्यानं हो म्हन्लं."

"बाबा, पंचमीला न्हाई जमायचं. शिवणक्लासची परीक्षा हाय. पोळ्याला येते ना."

"अन् दिवाळीला? संक्रांतीला? तुला अडवत व्हते ना?"

"कोन अडवतंय? सणासुदीलाच तर ब्लाउजची गिऱ्हाईकं येतात. मीच न्हाई आले. तुम्हाला सांगावा धाडलाच व्हता की, रखमाजीकाकाजवळ."

रखमाजीजवळ! त्याच्याशी तर बैलापासून बोलणं बंद होतं.

भुजंगराव परतले तेव्हा गोजरबाई दारातच होती. तिनं त्यांच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"परीक्षा हाय म्हंती," भुजंगराव आवाज खाली आणून म्हणाले. "पण मी काय ओळखत न्हाई? बोलता बोलता सारखी कात्री वाजवत व्हती. सासूच्या धाकानं बोलून राह्यली पोरगी."

"कापड बेतत असंल तर कात्री वाजंलच की!"

"तुला माणसं कळत न्हाईत."

"बरं, न्हाई कळत," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "पंचमीला मीच जाते जालन्याला, लाह्या घेऊन. पोरीला डोळे भरून पाहते. तुम्ही घरी थांबून ढोरांचं बघा."

आणि ती चूल पेटवायला आत गेली.

भुजंगराव ओसरीवर जागच्या जागी थबकले. ना आदळआपट, ना रडणं, ना एक टोमणा! त्यांनी आत डोकावून बायकोच्या पाठीकडं निरखून पाहिलं.

इतक्या सहजासहजी? यात नक्कीच काहीतरी असणार!