टायरचं पूर्वचारित्र्य

टायर विकत घेताना खुद्द टायरलाच प्रश्न विचारणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो माझा शेजारी निघाला. दुकानात शिरायचं, टायर भिंतीला उभा टेकवून ठेवायला सांगायचं, आपण समोर स्टूल ओढून बसायचं, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचा आणि दुकानदाराकडे ढुंकूनही न पाहता टायरला विचारायचं, "हं. पूर्वचारित्र्य काय?"

टायर अर्थातच गप्प. दुकानदारानं त्याच्या वतीनं तोंड उघडलं की वामनराव टिपणीस हात वर करत. "तुम्ही नंतर. तुमची साक्ष सांगोवांगीची."

वामनराव ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. पेन्शनीत निघाले तेव्हा कोर्टानं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी कोर्टाला काही दिला नाही. ते आमच्या कल्याणच्या पारनाक्याच्या गल्लीत येऊन राहिलं. माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, भाजी खारट झाल्याचं ते "नजरेस आणून" देत. दूधवाल्याला "अखेरची संधी" मिळे. मी शाळामास्तर, त्यातून भिंतीला भिंत लागून राहणारा, तेव्हा माझी नेमणूक कायमचा पंच म्हणून झाली होती. पंचाला भत्ता नसे. माईंच्या हातचा चहा मात्र मिळे, आणि त्या चहासाठी मी बरंच काही सोसलं आहे.

त्यांची मोटार म्हणजे सत्तेचाळीस साली विलायतेला परतणाऱ्या एका साहेबानं घाईघाईत विकलेली छोटीशी गाडी. चौघं बसली की पाचव्याला गाडीबरोबर पळावं लागेल एवढीच. माईंनी तिचं नाव ठेवलं 'डबी' आणि गल्लीनं ते कायम केलं. डबीबरोबर आलेले टायर साहेबाच्या डोक्यासारखे गुळगुळीत होत गेले आणि एक दिवस पार गोटा झाले. डबी अंगणात विटांवर चढली. नवे टायर पेन्शनीत बसण्यासारखे नव्हते. म्हणजे वापरलेलेच पाहायचे. पण वापरलेले कुणी, हा वामनरावांचा मुद्दा होता.

"मास्तर, टायरला ज्याच्या हाताखाली राहिला त्याचं वळण लागतं. मूळ मालक कोण ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मग काय, आमची वणवण सुरू झाली. एका वकिलाचे टायर चांगले जाड होते. "नको. ऐन चढावर तारीख मागतील." एका ठेकेदाराचे त्याहून जाड. "ठेकेदाराचा माल. आत काय भरलंय ते बघायला कोण जाणार?" गोट्यावर नवं रबर चढवलेला एक टायर दुकानदारानं मोठ्या कौतुकानं पुढे केला, तर वामनरावांनी त्याला नखानं कुरतडलं आणि म्हणाले, "हा नाव बदलून आलेला आरोपी आहे." लष्कराच्या लिलावातला एक होता, तो तर डबीच्या मापाचाही नव्हता, पण त्याच्यासमोर मात्र ते जरा अदबीनं बसले. "यानं बर्मा पाहिलाय, मास्तर. याला पारनाक्यावर करमायचं नाही."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण या चौकशीच्या खोडीनं त्या घरात एकदा फार वाईट झालं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी कुमुद. ठाण्याला नोकरीला होती, तिथंच एका कारखान्यात नकाशे काढणाऱ्या दिनकरशी तिचं जमलं. मुलगा परजातीचा होता, पण वामनराव त्यावर अडले नाहीत हे मी शपथेवर सांगतो. ते अडले चौकशीवर. दिनकरच्या चाळीचा मालक, शाळेचे हेडमास्तर, गावचे कुलकर्णी, सगळ्यांना विचारून झालं तरी यांचं समाधान होईना. शेवटी कुमुद म्हणाली, "नाना, मला त्याच्याशी लग्न करायचंय. त्याला जामिनावर सोडवायचं नाहीये." आणि एका सकाळी दोघांनी जाऊन लग्न नोंदवून टाकलं. माई रडल्या. वामनरावांना कुणी बोलावलं नाही आणि ते गेलेही नाहीत. त्यानंतर बापलेकीची गाठ नाही. माई तेवढ्या अधूनमधून गाडी पकडून ठाण्याला जाऊन येत.

अशाच एकदा त्या आल्या त्या हसतच. कुमुदला दिवस गेले होते. सगळं सुरळीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, तेव्हा सातवा संपायच्या आत तिला आणायची, आठव्यात प्रवास नको, असं माईंनी दारातूनच जाहीर केलं.

वामनराव झोपाळ्यावर बसले होते. पायानं झोपाळा थांबवून म्हणाले, "येऊ दे. पण मोटारीनं. आणि मोटार टायर मिळाल्यावर."

"अहो, आगगाडीनं बसली की उतरली!"

"पुलाचे जिने आहेत. धक्काबुक्की आहे. मोटारीनं."

माईंनी मला बाजूला घेतलं. "बघितलंत? यांना ती यायलाच नको आहे. नाही कसं म्हणायचं, म्हणून टायरच्या आड लपतायत." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. अख्ख्या गल्लीला तेच वाटलं.

त्यातून त्यांनी एक नवं खूळ काढलं. आता नुसती जबानी पुरेना. टायर ज्या गाडीवर असतील त्या गाडीतून फेरी मारायची आणि फेरीत पितळेचा काठोकाठ भरलेला पेला पंचानं दोन्ही हातांत धरून बसायचं. पाणी सांडलं तर टायर नापास. पंच म्हणजे मी. त्या दिवसांत माझी विजार कधी कोरडी असल्याचं मला आठवत नाही. वर्गात पोरं खुसखुसायची. एका गॅरेजवाल्यानं समजावून पाहिलं, की साहेब, हे स्प्रिंगांचं काम, टायर बिचारा काय करणार. वामनराव म्हणाले, "स्प्रिंगांची चौकशी स्वतंत्र चालू आहे." आणि खरंच, डबीच्या स्प्रिंगा त्यांनी आधीच उतरवून दुरुस्तीला दिल्या होत्या.

इकडे महिने सरकत होते. सहावा लागला, सातवा लागला. माईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले, बाळंतिणीची खोली सारवून घेतली, आणि नवऱ्याशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं ठेवलं.

एका रविवारी वामनराव मला टांग्यातून कल्याण कँपात घेऊन गेले. तिथं नव्यानं वसलेल्या सिंधी मंडळींची दुकानं होती. त्यात लालचंद नावाचा एक गोड बोलणारा दुकानदार होता. त्यानं हौसेनं डबीच्या मापाचे टायर आपल्या पुतण्याच्या गाडीवर चढवून दाखवले. फेरी झाली. पाणी सांडलं. हवा कमी करून पुन्हा फेरी. पुन्हा सांडलं. मग वामनरावांनी स्टूल मागवलं आणि मूळ मालक कोण, त्याचा ड्रायव्हर कोण, ड्रायव्हरला दारू होती का, अशी उलटतपासणी सुरू केली. लालचंद हात जोडून म्हणाला, "साईं, टायर लेना है या टायर को बेटी देनी है?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. वामनराव हसले नाहीत. स्टुलावरून उठले, टोपी नीट केली आणि बाहेर टांग्यात जाऊन बसले.

टायर मिळाले ते सातवा संपायला आल्यावर, डोंबिवलीला. तिथल्या एका वृद्ध डॉक्टरांची नजर अधू झाली होती आणि ते गाडी मोडीत काढणार होते. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढंच त्या टायरनी जग पाहिलेलं. डॉक्टर इतकी हळू गाडी चालवत की कुत्री भुंकायची सोडून बरोबर चालत. आम्ही स्टेशनपर्यंत जाऊन आलो. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं. वामनरावांनी ते मला प्यायला लावलं, डॉक्टरांनी सांगितली ती किंमत मोजली, घासाघीस केली नाही आणि पूर्वचारित्र्यही विचारलं नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, पण मी आपला कोरड्या विजारीच्या आनंदात.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डबी घेऊन ठाण्याला गेलो. मागच्या सीटवर माई, गाद्या, उशा आणि एक दुलई. पुढे वामनराव आणि मी. दिनकर कुमुदला हात धरून खाली घेऊन आला. चांगला मुलगा होता. "आगगाडीनं लवकर झालं असतं," एवढंच म्हणाला. वामनरावांनी मागचा भाग वाकून तपासला, उशा सारख्या केल्या आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "बस."

ती बसली. "कशी आहेस" नाही की काही नाही.

कळवा मागे पडलं, मुंब्रा मागे पडलं. मागे पडलं म्हणायची आपली एक पद्धत. एक बैलगाडी आम्हांला ओलांडून गेली आणि गाडीवानानं वळून "काय बिघडलं काय?" म्हणून विचारलं. रस्त्यात खड्डा दिसला की वामनराव डबी थांबवत, उतरत, खड्ड्याची खोली काठीनं बघत, मग कुठल्या बाजूनं चाक घालायचं ते ठरवत. सायकलवरून जाणारे लोक टक लावून पाहत होते. कुमुद खिडकीबाहेर बघत बसलेली, ओठ घट्ट मिटून.

शीळफाट्याला वामनरावांनी गाडी झाडाखाली घेतली आणि टायर बघायला खाली उतरले. एकेका टायरला हात लावत ते पुढे गेले आणि पुढचा रस्ता कसा आहे ते बघायला थेट वळणापर्यंत चालत निघाले. तेवढ्यात कुमुदचा बांध फुटला.

"आई, कशाला आणलंत मला? त्यांना आणायचंच नव्हतं. टायर नाहीत, टायर नाहीत करत महिने घालवले. आता लोकांना दाखवायला ही वरात काढलीय. ते माझ्याशी बोलत पण नाहीयेत!"

मला वाटलं, माई आता तिची री ओढणार. इतके दिवस त्यांनी दुसरं काय केलं होतं? पण माई त्या वळणाकडे बघत होत्या. वामनराव रस्त्यात ओणवे होऊन एक दगड बाजूला सारत होते. मग दुसरा. तो धोतर सावरत ओणवा झालेला म्हातारा माणूस बघून माईंचा चेहरा एकाएकी बदलला.

"कुमे," त्या म्हणाल्या, "तुझ्याआधी एक होता."

कुमुदनं वळून पाहिलं.

"लग्न झालं तेव्हा आम्ही मुरबाडला होतो. सातव्यात मला माहेरी आणायला निघालो. कल्याणला. तेव्हा कसली मोटार आणि काय, बैलगाडी. हे गाडीवानाच्या शेजारी बसलेले. अर्ध्या रस्त्यात चाकावरची लोखंडी धाव निसटली. चाक मोडलं, गाडी कलंडली." त्या थांबल्या. "मी वाचले."

कुमुदनं आईचा हात धरला.

"हे कधी बोलले नाहीत. मीही नाही. पुरुषाच्या लक्षात कुठलं राहतंय, असं मी समजत होते. आणि इतके महिने मी त्यांना हेकट म्हणत होते गं. लाज नाही वाटली मला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

या माणसाची गंमत मी शाळेत, नाक्यावर, कुठं कुठं रंगवून सांगितली होती. आणि तो मात्र एवढे महिने भीतीनं अर्धा होऊन दारोदार हिंडत होता.

वामनराव परत आले. दारातून आत बघितलं तर दोघी रडताहेत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? कुमुद? कुठं दुखतंय? धक्का बसला का? मघाशी पुलापाशी बसला ना? मला वाटलंच. मी—"

"नाही हो नाना," कुमुद म्हणाली, "कुठं बसला? एकसुद्धा नाही बसला."

"खरं सांग."

"खरंच. अगदी आरामात आले मी." आणि ती उशा बाजूला करून खाली उतरली. "मास्तर, तुम्ही मागे बसता का? मला पुढे बसायचंय. नानांजवळ."

"अगं, मागे गाद्या आहेत—"

"असू देत."

मी दुलईच्या ढिगात माईंशेजारी जाऊन बसलो. कुमुद पुढे बसली. वामनरावांनी तिच्या बाजूचं दार दोनदा ओढून पाहिलं, मग वळसा घालून आपल्या जागी येऊन बसले. गाडी सुरू केली. तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

इंजिन धडधडत होतं, पण डबी जागची हलेना. वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा काढला. समोरचा रस्ता त्यांना काही केल्या दिसत नव्हता.

"सावकाश घ्या," माई मागून म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"